समाजशास्त्र घ्यायचंय? मग आधी एक जागा धरा

बारावीचे निकाल लागले की केज-अंबाजोगाईकडून मला फोन यायला लागतात. बोलणारे काका नाहीतर मामा असतात, मुलगी शेजारी उभी राहून ऐकत असते. "ताई, समाजशास्त्र घेतलं तर पुढं काय होतं?" मी पुण्यात एका संशोधन संस्थेत सर्वेक्षणांचं काम बघते. फिल्डवर टीम पाठवते, आलेली माहिती तपासते आणि नव्या मुलामुलींच्या मुलाखतीही घेते. स्वतः अंबाजोगाईत बी.ए. आणि पुण्यात एम.ए. केलेलं असल्यानं शिकणाऱ्याची बाजू माहीत आहे, आणि आता कामावर घेणाऱ्याचीही. फोनवर हे सगळं नीट सांगून होत नाही, म्हणून लिहिते आहे.

आधी कडू भाग उरकते. 'समाजशास्त्रज्ञ पाहिजे' अशी जाहिरात तुम्हाला जवळजवळ कधीच दिसणार नाही. जाहिराती येतात त्या संशोधन सहायक, क्षेत्र अन्वेषक, तालुका समन्वयक, प्रकल्प अधिकारी, मूल्यमापन सहायक अशा नावांनी. त्यांत पात्रता लिहिलेली असते 'सामाजिक शास्त्रांतील पदव्युत्तर पदवी', म्हणजे अर्थशास्त्रवाला, एम.एस.डब्ल्यू.वाला (समाजकार्य शिकलेला), भूगोलवाला सगळे त्याच रांगेत. तिथं पदवीच्या कागदानं रांगेत उभं राहता येतं, एवढंच. पुढं सरकायचं तर माणसांना नीट विचारता येतं का, मिळालेलं मोजता येतं का आणि दोन पानं सरळ लिहिता येतात का, हे बघतात.

विषय सोपा आहे, अपेक्षित प्रश्नसंचावर पास होता येतं, म्हणून घेणार असाल तर घेऊ नका. पास व्हाल, पण पाच वर्षांनी हातात काही नसेल.

कॉलेज निवडताना

नव्या शैक्षणिक धोरणामुळं आता मेजर-मायनर, म्हणजे मुख्य आणि जोड विषय, आलंय. मेजर समाजशास्त्र ठेवणार असाल तर मायनरला काय मिळतंय ते आधी विचारा. अर्थशास्त्र किंवा भूगोल मिळालं तर उत्तम. संख्याशास्त्र आर्ट्सच्या कॉलेजात सहसा नसतं, पण असेल तर डोळे झाकून घ्या. इतिहासही चालेल. नुसतं 'सोपं जातं' म्हणून तिसरा विषय घेऊ नका, कारण पुढं मोजमाप करायची वेळ येते तेव्हा आर्ट्सच्या मुलांची तिथंच पंचाईत होते.

अभ्यासक्रमात आता फील्ड प्रोजेक्ट आणि ओजेटी (प्रत्यक्ष कामावरचं प्रशिक्षण) आहे. प्रवेश घेण्याआधी त्या कॉलेजच्या सीनियर मुलांना विचारा की मागच्या वर्षी प्रोजेक्टला कुठं गेला होता. गावाचं, वस्तीचं, दवाखान्याचं नाव सांगितलं तर बरं. "काही नाही, फाइल जमा करायची असते" असं उत्तर आलं, तर समजून घ्या की फिल्डवर्क तुमचं तुम्हालाच करायचंय. त्यानं फारसं बिघडत नाही. तालुक्याच्या कॉलेजात शिकूनही हा विषय चांगला येतो, कारण ज्याचा अभ्यास करायचा ते सगळं तुमच्या दारात असतं.

एक जागा धरा

माझं मुख्य सांगणं हेच आहे. एफ.वाय.ला असतानाच एक जागा निवडा आणि पदवी संपेपर्यंत ती सोडू नका. जागा लहान हवी, जिथं तुम्हाला वारंवार जाता येईल आणि जिथं माणसं एकमेकांशी व्यवहार करतात. गावातलं दूध संकलन केंद्र. पुण्यातल्या पेठेतली अभ्यासिका. एसटी स्टँडवरचं कँटीन. मंगल कार्यालय. सोसायटीच्या वॉचमनची केबिन. 'ग्रामीण महिलांचे सक्षमीकरण' ही जागा नाही, ते भाषणाचं शीर्षक आहे.

माझी जागा होती आमच्या गावातल्या मुकादमाचा, म्हणजे ऊसतोडीच्या टोळ्या जमवणाऱ्याचा, ओटा. आमच्याकडून दरवर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला माणसं ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात, उन्हाळा लागता लागता परत येतात. त्याआधी पावसाळ्यात मुकादमाकडून उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतली जाते. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो. मी ओट्याच्या कडेला, मुकादमाच्या बायकोला शेंगा फोडू लागत बसायचे आणि घरी येऊन लिहायचे. कोण उचल मागायला आलं, एकटं आलं की भाऊबंद घेऊन, किती मागितली, किती मिळाली, कागदावर सही कुणाची, त्या वेळी बायको कुठं उभी होती. तेव्हा लक्षात आलं की कोयता दोघांचा असला तरी उचल नवऱ्याच्या नावावर असते. खाडा पडला, म्हणजे कामाचा दिवस बुडाला, की दंड मात्र दोघांच्या हिशेबातून कापला जातो. गावात हे सगळ्यांना माहीत होतं, त्यात नवीन काही नव्हतं. पण लिहून काढल्यावरच त्याचा प्रश्न झाला.

आणि मग वर्गात शिकवलेलं त्या ओट्यावर येऊन बसायला लागलं. जर्मन समाजशास्त्रज्ञ वेबरनं सत्तेचे तीन प्रकार सांगितले, ते आम्ही परीक्षेसाठी पाठ केले होते. मुकादमाकडे बघितलं तर तो टोळीतल्या निम्म्या लोकांचा पाहुणा लागतो, म्हणजे परंपरेची सत्ता. बाँडवर सही घेतो, म्हणजे कागदाची सत्ता. आणि भांडण मिटवायला त्यालाच बोलावतात, कारण त्याच्या शब्दाला वजन आहे, म्हणजे व्यक्तीच्या प्रभावाची सत्ता. एकाच माणसात तिन्ही. मार्क्स म्हणतो की भांडवलशाहीत मजूर आपले श्रम विकायला मोकळा असतो. उचल घेतलेला माणूस हंगाम संपेपर्यंत मोकळा असतो का? टोळ्या सोयऱ्याधायऱ्यांच्या का बनतात हे कळायला मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्व्यांनी नातेसंबंधांवर केलेलं काम उपयोगी पडलं. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करायला राज्य सरकारनं समिती नेमली, तेव्हा बातम्या वाचणाऱ्यांना धक्का बसला. ज्यानं खाड्याचा हिशेब कधी लिहून बघितलाय, त्याला पाळीचे चार दिवस किती महाग पडतात हे आधीच दिसलेलं असतं.

वही कशी ठेवायची ते नीट सांगते, कारण कॉलेजात हे सहसा कुणी शिकवत नाही.

वर तारीख, वेळ, जागा. त्याखाली काय दिसलं आणि कोण काय म्हणालं. म्हणाले तेच शब्द, त्याच बोलीत. 'त्यांनी नाराजी व्यक्त केली' असं लिहू नका. "आमचं काय, आम्ही धरलेलीच माणसं" असं ती म्हणाली असेल तर तसंच लिहा. पानाचा उजवा एक तृतीयांश भाग मोकळा सोडा, तिथं तुमचे विचार, शंका, वाचलेल्या गोष्टींशी लागणारे धागे. दिसलेलं आणि वाटलेलं एकाच ओळीत मिसळलं की सहा महिन्यांनी तुम्हालाच कळत नाही की काय खरं घडलं होतं. समोरच्या समोर लिहीत बसू नका, माणूस बोलायचा थांबतो. पण त्याच रात्री लिहा. दुसऱ्या दिवशीपर्यंत फक्त सारांश उरतो.

पानांचे फोटो काढून ठेवा. समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास यांनी कर्नाटकातल्या एका गावात केलेल्या कामाची टिपणं १९७० साली अमेरिकेत, स्टॅनफर्डला, आगीत जळाली. त्यांनी मग आठवणीतून पुस्तक लिहिलं आणि ते गाजलं. पण ते श्रीनिवास होते. आपली वही बसमध्ये राहिली तर आपल्याला काही आठवणार नाही.

नावं बदला. पहिल्या दिवसापासून वहीतच टोपणनावं वापरा. खरी नावं कुठं जुळवून ठेवायचीच असतील तर वेगळ्या कागदावर, वेगळ्या जागी. आणि तुम्ही काय करताय ते लोकांना सांगा. "कॉलेजचा अभ्यास आहे, इथं काम कसं चालतं ते लिहिते" एवढं पुरतं. कुणी नको म्हणालं तर नको. गाव लहान असतं, उद्या तुम्हाला तिथंच राहायचं असतं.

वाचायचं काय, आणि कुठल्या भाषेत

हा विषय आपल्याकडे उपरा नाही. भारतातला पहिला समाजशास्त्र विभाग १९१९ साली मुंबई विद्यापीठात सुरू झाला. पहिले प्रमुख पॅट्रिक गेडिस, मूळचे जीवशास्त्राचे आणि पुढं नगररचनेकडे वळलेले स्कॉटिश गृहस्थ. १९२४ पासून विभाग गो. स. घुर्ये यांच्याकडे आला. घुर्ये मालवणचे. श्रीनिवास, अ. र. देसाई, इरावती कर्वे ही सगळी त्यांच्या हाताखाली शिकलेली. पुढं कर्वे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेल्या. परीक्षेत या नावांवर टीपा येतात आणि मुलं त्या जन्म-मृत्यूच्या सालांसकट पाठ करतात. त्यापेक्षा प्रत्येकाचा एक प्रश्न लक्षात ठेवा. घुर्ये विचारतात, जातीची लक्षणं कोणती? देसाई विचारतात, राष्ट्रवाद कुठल्या वर्गातून आला? पुण्याच्या समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे विचारतात, स्त्रियांचा अनुभव म्हणताना कुठल्या जातीच्या स्त्रिया तुमच्या डोळ्यांपुढं आहेत? मग तो प्रश्न घेऊन आपल्या जागेवर जा.

सुरुवातीला दोन गोष्टी वाचा, दोन्ही जुन्या. एक, त्रिंबक नारायण आत्रे यांचं 'गावगाडा', १९१५ सालचं. आत्रे महसूल खात्यात होते आणि गावातला हक्क, बलुतं, मानपान त्यांनी जवळून पाहिला होता. त्यांची काही मतं आज टोचतात; ती टोचतात तिथं समासात का ते लिहा, तोही अभ्यासच. दुसरा, डॉ. आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी अमेरिकेतल्या कोलंबिया विद्यापीठात मानववंशशास्त्रज्ञ गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात वाचलेला जातींवरचा निबंध. लहान आहे, मराठीत मिळतो. जातीतल्या जातीत लग्न हीच जातिव्यवस्थेची किल्ली आहे, हे त्यांनी पंचविशीत, पायरी पायरीनं मांडलंय. युक्तिवाद कसा बांधायचा हे शिकायला मला त्याहून चांगला मजकूर माहीत नाही. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ दुर्खाइमचं आत्महत्येवरचं १८९७ सालचं काम नंतर घ्या. माणसाच्या अगदी खासगी वाटणाऱ्या कृतीचे दरसुद्धा वर्षानुवर्षं ठरावीक का राहतात, हा त्याचा प्रश्न एकदा पटला की आकडेवारीची भीती जाते.

भाषेबद्दल स्पष्ट सांगते. बी.ए. मराठीतून करायला काही हरकत नाही, आणि पेपरही मराठीतून बिनधास्त लिहा. विचार नीट होतो. पण दुसऱ्या वर्षापासून रोज एक पान इंग्रजी वाचायला लागा, कारण मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत किंवा दिल्लीच्या जेएनयूत वर्ग इंग्रजीतून चालतात आणि प्राध्यापक व्हायला लागणाऱ्या नेट परीक्षेचा पेपरही इंग्रजी-हिंदीतच असतो. मुंबईहून निघणारं 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली' कॉलेजच्या वाचनालयात येत असेल तर त्यातला महाराष्ट्रावरचा एखादा लेख घ्या, कारण ओळखीच्या जागेबद्दल वाचताना अडलेला शब्द अंदाजानं सुटतो. लेख पूर्ण झाला पाहिजे असा हट्ट धरू नका. पहिला आणि शेवटचा भाग वाचा, मधला तक्ता बघा, आणि लेखकाचं म्हणणं मराठीत पाच ओळींत लिहा. त्या पाच ओळी जमल्या की तो लेख तुमचा.

आकड्यांशी मैत्री

आमच्याकडे येणाऱ्या अर्जदारांत सिद्धान्त सांगणारे खूप असतात. एक्सेलमध्ये दोनशे ओळींची यादी देऊन "यात गावनिहाय किती बायकांच्या नावावर जमीन आहे ते काढा" म्हटलं की बरेच जण थांबतात. पिव्हट टेबल (यादीतून गटवार आकडे काढायची एक्सेलमधली सोय) यायला एक दुपार लागते. टक्केवारी कशाची काढायची, छेदात कोण आहे, हे कळायला मात्र सराव लागतो.

सरावाला साहित्य फुकट आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचे अहवाल देवनारच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेनं काढलेत. पहिली फेरी १९९२-९३ ची; पाचवी २०१९-२१ ची, तिच्यात ६,३६,६९९ कुटुंबांना विचारलं गेलं. तुमच्या जिल्ह्याचं पत्रक त्यात आहे. ते उघडा आणि तुमच्या जागेशी ताडून बघा. अठराच्या आत लग्न झालेल्या मुलींचं जिल्ह्याचं प्रमाण काय, आणि तुमच्या आळीत काय दिसतं? फरक असेल तर का? मग प्रश्नावली मिळवून बघा की नेमकं काय विचारलं होतं.

प्रश्न कसा विचारायचा, यावर तर अख्खं वर्ष घालवलं तरी वाया जाणार नाही. "घरातले निर्णय कोण घेतं?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "दोघं मिळून." फॉर्म भरला जातो आणि माहिती शून्य. त्याऐवजी विचारा, "मागच्या वेळी शेळी विकली तेव्हा भाव कुणी ठरवला? पैसे कुणाच्या हातात आले? त्यातले तुमच्याकडे किती राहिले?" आता घर दिसायला लागतं. तसंच "तुम्ही काम करता का?" या प्रश्नावर पहाटे धार काढून, दिवसभर स्वतःच्या रानात खुरपून आलेली बाई सांगते, "नाही, घरीच असते." तिला विचारायचं, "काल उठल्यापासून काय काय केलं?" सरकारनंही २०१९ मध्ये देशभर वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं ते असंच, दिवस तुकड्यातुकड्यानं विचारून.

पुढच्या जनगणनेत, २०२७ मध्ये, जातीची नोंद होणार आहे. सगळ्या जातींची अशी मोजणी जनगणनेत याआधी १९३१ साली झाली होती. म्हणजे येती काही वर्षं जात, पोटजात, आडनाव, व्यवसाय यांची माहिती समजून वर्गवारी करू शकणाऱ्यांना काम असणार आहे. आत्ता एफ.वाय.ला जाणाऱ्यानं ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

याशिवाय मोबाइलवर फॉर्म बनवायचं कोबो हे फुकट साधन शिकून घ्या. बहुतेक संस्था तेच किंवा त्याच्यासारखं काहीतरी वापरतात. नकाशे काढायला क्यूजीआयएस आलं तर सोन्याहून पिवळं. आकडेवारीचं एसपीएसएस हे सॉफ्टवेअर एम.ए.ला शिकाल.

एम.ए. की एम.एस.डब्ल्यू.

यात घरोघर गोंधळ होतो, आणि तो महागात पडतो. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक व्हायचं असेल, समुपदेशनात, बालकांच्या संस्थांत काम करायचं असेल, तर जाहिरातीत समाजकार्याची पदवी मागतात. तिथं समाजशास्त्राची एम.ए. चालत नाही. उलट कॉलेजात समाजशास्त्र शिकवायचं असेल तर एम.एस.डब्ल्यू. चालत नाही. म्हणून टी.वाय.ला असताना तुम्हाला करावीशी वाटणाऱ्या दहा नोकऱ्यांच्या जुन्या जाहिराती काढा आणि पात्रतेचा रकाना वाचा. सल्लागाराची गरज राहत नाही.

समाजकार्यासाठी टाटा सामाजिक विज्ञान संस्था जुनी, १९३६ ची; मुंबईत निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था. टाटा संस्थेचं तुळजापूरलाही केंद्र आहे आणि मराठवाड्यातल्या मुलांना ते फारसं माहीत नसतं, याचं मला दरवर्षी आश्चर्य वाटतं. समाजशास्त्राच्या एम.ए.साठी पुणे आणि मुंबई विद्यापीठांचे विभाग आहेत. बाहेर जायची तयारी असेल तर जेएनयू, दिल्ली विद्यापीठ, हैदराबाद केंद्रीय विद्यापीठ. टाटा संस्था आणि केंद्रीय विद्यापीठांसाठी सीयूईटी-पीजी ही देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. अर्ज साधारण डिसेंबर-जानेवारीत सुटतात आणि परीक्षा मार्चमध्ये असते, म्हणजे टी.वाय.च्या परीक्षेच्याही आधी. आमच्याकडची मुलं निकाल लागल्यावर चौकशीला निघतात, तोवर ते वर्ष गेलेलं असतं. आकड्यांची गोडी लागली असेल तर देवनारच्या लोकसंख्या संस्थेचे अभ्यासक्रम बघा.

शिकवायचं असेल तर

कनिष्ठ महाविद्यालयासाठी एम.ए. आणि बी.एड. वरिष्ठसाठी एम.ए.ला ५५ टक्के (राखीव प्रवर्गांना ५०) आणि नेट किंवा सेट. नेट वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबरच्या सत्रांसाठी. सेट ही राज्यपातळीची परीक्षा पुणे विद्यापीठ घेतं, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी. प्रश्नपत्रिका मराठीतही असते आणि वयाची अट नाही. दोन्हींत पहिला पेपर १०० गुणांचा सर्वांना सारखा, दुसरा २०० गुणांचा आपल्या विषयाचा. नेटमध्ये वर आलात तर जेआरएफ मिळते, म्हणजे पीएच.डी. करताना पहिली दोन वर्षं महिना ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता. त्याशिवाय बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्याही पीएच.डी.साठी अधिछात्रवृत्ती आहेत.

पण सेट झाली म्हणजे नोकरी लागली, असं घरच्यांना सांगू नका. कायम जागा कमी आणि पात्र माणसं जास्त, त्यामुळं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवणारे माझे वर्गमित्र आहेत. चांगले शिक्षक आहेत. ज्याला शिकवल्याशिवाय चैन पडत नाही त्यानंच या वाटेला जावं, आणि सोबत संशोधनाचं काम चालू ठेवावं.

स्पर्धा परीक्षेचं थोडक्यात. यूपीएससीला समाजशास्त्र वैकल्पिक विषय म्हणून घेता येतो, दोन पेपर, ५०० गुण. पहिला सिद्धान्ताचा, दुसरा भारतीय समाजाचा. राज्यसेवेची मुख्य परीक्षाही आता वर्णनात्मक झाल्यानं तिथंही तो उपयोगी आहे. अभ्यासक्रम आटोपशीर आहे आणि निबंधाला मदत होते. मात्र अधिकारी व्हायचंय म्हणून समाजशास्त्राची बी.ए. करायची गरज नाही. कुठल्याही पदवीवर तो विषय घेता येतो.

बाकीच्या वाटा

सर्वेक्षण आणि मूल्यमापन ही माझी वाट, म्हणून तिच्याबद्दल खात्रीनं सांगते. सुरुवात अन्वेषक म्हणून होते. टॅबलेट घेऊन घरोघर जायचं, एका घरात तास-दीड तास. मग पर्यवेक्षक, मग संशोधन सहायक, आणि अहवालाचं लेखन हातात आलं की संशोधन अधिकारी. पहिली दोन वर्षं पायाला भिंगरी. ज्याला रोज संध्याकाळी घरी यायचंय त्याच्यासाठी हे काम नाही, पण जिल्हाच्या जिल्हा पायाखालून जातो. शिक्षणात काम करणाऱ्या 'प्रथम' या संस्थेच्या 'असर' अहवालासाठी २००५ पासून गावोगाव मुलांचं वाचन-गणित तपासलं जातंय. त्यात विद्यार्थी म्हणून स्वयंसेवक व्हा. सर्वेक्षणाची शिस्त काय असते ते तिथं फुकट शिकायला मिळतं.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ मुळं ठरावीक मर्यादेपेक्षा मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. तो पैसा कुठं गेला आणि त्यानं काय झालं, हे लिहायला माणसं लागतात. त्याच वर्षीच्या भूसंपादन कायद्यानं सामाजिक परिणामांचं मूल्यमापन आणलं. सगळ्याच प्रकल्पांना ते लागू होत नाही, पण जिथं होतं तिथं गावात जाऊन कुणाचं काय जाणार आहे याची नोंद करावी लागते. सातबाऱ्यावर नाव नसलेले कुळ, बटाईदार, गुरं चारणारे कुणाच्या यादीत येत नाहीत. ते शोधणं हे समाजशास्त्र शिकलेल्याचं काम. सरकारी बाजूला उमेद (ग्रामीण बचत गटांचं अभियान) आणि माविममध्ये (महिला आर्थिक विकास महामंडळ) तालुका-जिल्हा पातळीवर कंत्राटी पदं निघतात. बायफ, वॉटर (डब्ल्यूओटीआर) यांसारख्या स्वयंसेवी संस्था शेती-पाण्यात काम करतात.

कंपन्यांतल्या यूएक्स रिसर्चबद्दल, म्हणजे लोक ॲप-वेबसाइट कशी वापरतात याच्या अभ्यासाबद्दल, आपल्याकडे कमी बोललं जातं. पैसे पाठवायचं ॲप बनवणाऱ्यांना हे जाणून घ्यायचं असतं की गावातल्या बायका पिन टाकायला फोन मुलाच्या हातात का देतात. इंजिनिअरला ते कळत नाही. घरातलं वय, शिक्षण, विश्वास, चुकण्याची भीती हे सगळं त्यात असतं. पगार या सगळ्या वाटांत तिथंच चांगला. इंग्रजीत सादरीकरण करता आलं पाहिजे, एवढी अट.

अर्ज करताना

सीव्हीत 'हार्ड वर्किंग, टीम प्लेअर' लिहू नका, सगळेच लिहितात. त्या जागी तुमच्या जागेबद्दल दोन ओळी लिहा: कुठं, काय बघितलं, काय सापडलं. सोबत दोन पानांचं लिखाण जोडा, मराठीत असलं तरी चालेल. मी मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच विचारते, आणि दूध केंद्रावर खातं नवऱ्याच्या नावावर पण दूध आणणारी बायको, हे ज्या मुलीनं स्वतः बघून लिहिलंय तिला पुढचे सिद्धान्ताचे प्रश्न विचारायची गरजच पडत नाही. एआयकडून लिहून घेतलेलं लगेच ओळखू येतं. त्यात कुणी काही बोलत नाही, सगळे फक्त 'आव्हानांना सामोरे जात' असतात.

अर्ज जाहिरातीची वाट न बघताही करता येतो. ज्या संस्थेनं तुमच्या जिल्ह्यावर अहवाल काढलाय तो वाचा, त्यातली एखादी न पटलेली गोष्ट कारणासकट लिहून मेल करा. अशा मेलला उत्तर येण्याची शक्यता बायोडेटाच्या ढिगाऱ्यापेक्षा पुष्कळ जास्त.

पहिलं काम मिळालं की हो म्हणण्याआधी काही गोष्टी लेखी विचारून घ्या. मानधन दिवसावर आहे की पूर्ण झालेल्या फॉर्मवर? फॉर्मवर असेल तर कुलूप लागलेल्या घराच्या चकरांचं काय? प्रवासाचा खर्च आधी मिळतो की बिलं दिल्यावर, मुक्कामाची सोय कोण करतं, अपघात विमा आहे का. मुलींनी हेही विचारावं की टीममध्ये दुसरी बाई आहे का आणि अंधार पडल्यावर फिल्डवरून परत आणायला गाडी आहे का. हे विचारल्यानं कुणी चांगली संस्था नाराज होत नाही. आणि झालीच, तर तिथं न गेलेलं बरं.